तळपायावरची तीट

म्हातारीनं मास्क हनुवटीखाली ओढला, अंगठा जिभेला लावला आणि श्रेयसच्या तळपायावरचा काळा ठिपका पुसून टाकला. दोनदा घासला. एवढंच. बस क्लोन्सिलाच्या वळणावर होती. श्रेयसनं नेहमीसारखा डाव्या पायातला मोजा लाथाडून दिला होता आणि तो उचलायला त्याची आई, सुचित्रा, वाकली होती, तेवढ्यात. ती वर उठेपर्यंत होऊन गेलं होतं. म्हातारी समोरच्या आडव्या सीटवर बसली होती. इथे बसू नका असं सांगणारं पिवळं स्टिकर तिच्या कोटाखालून अर्धं दिसत होतं. अंगठा हातरुमालाला पुसत, घरातलं एखादं काम उरकल्यासारखी ती म्हणाली, "देअर नाउ. कोळसा लागला होता कुठला तरी. गॉड लव्ह हिम." खिडकीला नाक लावून बसलेली रेवा वळली. रेवा पाच वर्षांची, श्रेयसची बहीण, आईला इथल्या मुलांसारखं मॅम म्हणते, आणि तिला हळू बोलता येत नाही. "मॅम, शी स्पिट ऑन हिम." मास्कवरचे डोळे वळले. "रेवा, हळू." "बट शी डिड." "हो गं. पाहिलं मी." पाहिलं नव्हतं.

आता काहीतरी व्हायला हवं होतं. वर्षभर सफरचंदं साबणानं धुणारी, पार्सलं दोन दिवस प्रेसमध्ये कोंडून ठेवणारी (कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता तीही म्हणते), लिफ्टचं बटण कोपरानं दाबणारी ही बाई किंचाळायला हवी होती. निदान पिशवीतले ओले वाइप्स तरी काढायला हवे होते. हात पिशवीत गेलाही. तिथेच राहिला. भीती शोधायला म्हणून ती आत गेली आणि तिथे भीती नव्हतीच. तिथे दुसरंच काहीतरी बसलं होतं, थकलेलं, कोट न काढता. कुणीतरी त्याला हात लावला. श्रेयसला. तो एप्रिलमध्ये झाला, पहिल्या टाळेबंदीत, जेव्हा त्याच्या बापाला, शिरीषला, फक्त शेवटचा थोडा वेळ आत सोडलं आणि नंतर गाडीत जाऊन बसायला सांगितलं. त्याला पहिल्यांदा धरलं ते निळ्या हातमोज्यांनी. वजन करायला घरी आलेली नर्स, तिचेही मोजे निळे. टोचणारी डॉक्टरीण, मोजे. ओंगारच्या त्यांच्या घरांच्या रांगेतली पोलिश शेजारीण बारशाच्या दिवशी, म्हणजे बारसं झालंच नाही त्या दिवशी, दारात केक ठेवून बेल वाजवून पळून गेली, आणि रस्त्यापलीकडून दोन्ही हात हलवत राहिली. आई, बाप, बहीण. एवढीच माणसं त्याच्या कातडीला माहीत. बाकीची सगळी फोनच्या काचेमागची, सपाट, अडकत अडकत हसणारी. आणि आज सकाळी, मार्चच्या या करड्या, धड पाऊसही नसलेल्या सकाळी, एका बाईनं थुंकी लावून

पुढचा थांबा, म्हणाली बस, आधी आयरिशमध्ये आणि मग इंग्रजीत, ब्लँचर्ड्सटाउन

लावून त्याचा पाय स्वच्छ केला. आणि जे पुसलं ते कोळसा नव्हतं.

ते सुचित्राच्या आईचं काजळ होतं. इस्लामपूरच्या आईचं, अलकनंदाबाईंचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं घालून धरलेली काजळी, लोण्यात घोटून डबीत भरलेली. ती डबी श्रेयस होण्याआधीच कुरिअरनं आली, कारण आईनं स्वतः यायचं ठरवलं होतं आणि विमानं बंद होणार असं दिसताच तिनं डबी पाठवली. सुचित्राचा दृष्ट लागण्यावर विश्वास नाही. पण रोज आंघोळीनंतर बोट आपोआप डबीत जायचं आणि श्रेयसच्या गालावर टेकायचं. विश्वास बोटात होता, तिच्यात नव्हता. त्या बोटानंच घोटाळा केला. नोव्हेंबरात श्रेयसच्या पासपोर्टसाठी शिरीषनं घरीच, पांढऱ्या चादरीवर, फोटो काढला. सगळं नियमानं: डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कान दिसतायत. आणि गालावर ठसठशीत तीट. दोघांनाही ती दिसली नाही. रोजची होती, ती चेहराच झाली होती. वकिलातीतून कागद परत आले: फोटोत डाव्या गालावर ठळक खूण आहे, अर्जात ओळखीची खूण 'काही नाही' लिहिलं आहे, दुरुस्त करून पुन्हा वेळ घेऊन या. त्यांचं बरोबरच होतं. त्या रात्री शिरीष हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. "मग लिहून टाकू ना, मोठा तीळ." "आणि तो मोठा होऊन प्रत्येक एअरपोर्टवर बाथरूममध्ये जाऊन तीळ काढत बसेल?" "डबी दे की सोबत. लग्नात बायकोला सांग, हे कायदेशीर आहे." तीही हसली. तेव्हा हसता येत होतं. पुढची वेळ मार्चमधली मिळाली आणि मधल्या काळात आईच्या हृदयाचं पंपिंग उतरत गेलं, जिना उतरावा तसं, एकेक पायरी, कठड्याला धरून. संकेतला, सुचित्राच्या भावाला, डॉक्टर म्हणाले: भेटायचं असेल त्यांनी उन्हाळ्याच्या आत भेटून घ्या. आई येऊ शकत नाही. सुचित्रा जाऊ शकते. श्रेयस पासपोर्टाशिवाय कुठेही जाऊ शकत नाही. एवढं साधं. ज्या ठिपक्यानं नातवावरची नजर टळायची, त्याच ठिपक्यानं आजीची नजर चार महिने लांब ठेवली, हे वाक्य ती भांडी घासताना मनात करते आणि पुसते, करते आणि पुसते.

आज निघतानाही आई फोनवर होती. तीन उशांना टेकलेली. "बाहेर न्यायलीस, लाव जरा." "आई, फोटो आहे ना." "मग तळपायाला लाव. फोटोत पाय घेत्यात व्हय?" म्हणून तळपाय.

रेवाची आज शाळा बुडवावी लागली, कारण शाळा एक वाजता सुटते आणि तेव्हा सुचित्रा शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल. शिरीष लिक्सलिपला, संगणकाच्या चिपच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीवर. तिथे पांढरा पोशाख चढवून आत गेला की फोनही बाहेर राहतो. गाडी तो नेतो. सुचित्राची इथली ड्रायव्हिंग टेस्ट वर्षभर पुढे ढकलली जातेय. पुण्यात ती नळ स्टॉपच्या चौकात रिक्षांना शिव्या घालत गाडी चालवायची, आणि इथे दोन पोरं, बाबागाडी, म्हणजे इथली बग्गी, तिच्या खालच्या जाळीत फाइल, दुधाची बाटली, पाण्याची बाटली, बेदाणे, जादा पँट. रेवाला निघण्याआधी दोनदा शू करायला बसवलं आणि सकाळपासून पाणी दिलं नाही, कारण कॅफे बंद, दुकानं बंद, शहरात लघवीला जागा नाही. पाच किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नका असा हुकूम आहे, आणि जावंच लागणाऱ्या माणसानं कुठे थांबायचं ते त्या हुकमात लिहिलेलं नाही. पाणी न देणं हे आईचं. एसटीचा प्रवास असला की आई आदल्या रात्रीपासून पाण्यावर पहारा द्यायची. सुचित्राला कायम वाटायचं, मोठी झाल्यावर मी प्रवासात हवं तेवढं पाणी

"नाव काय त्याचं?" म्हातारी विचारत होती.

"श्रेयस," रेवानं सांगितलं, इथल्या मुलांसारखं, र घोळवून.

"शे?"

"श्रे-यस."

"शेच की. माझा भाऊ शे होता. असाच, एक पाय कायम उघडा." म्हातारीनं मास्क आता वर घेतला होता, पण नाक बाहेर. "हॅलो, शे."

श्रेयस तिच्याकडे बघत होता. मास्कवरच्या डोळ्यांवरून माणूस ओळखायला तो शिकला होता. त्याच्या मते रस्त्यावरच्या माणसांना तोंडं नसतात. या बाईला मघाशी क्षणभर तोंड आलं होतं. तो ते परत यायची वाट बघत होता.

मग नॅव्हन रोडवर बस थांबली आणि दार उघडं राहिलं. बराच वेळ उघडं राहिलं. थंड हवा पायांतून फिरली. खाली फुटपाथवर व्हीलचेअरमध्ये एक माणूस होता, मांडीवर औषधांची पिशवी. ड्रायव्हरनं काचेमागून मान बाहेर काढली. "सॉरी, लव्ह. बग्गी फोल्ड करावी लागेल. नाहीतर पुढच्या बसनं यावं लागेल तुला." ती जागा व्हीलचेअरची, नियम तिला माहीत होता, न्याय्य होता, तिला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नव्हतं. पण पुढची बस भरलेली असेल. चारातल्या एका सीटवरच माणूस बसवतात, मग डोक्यावर 'फुल' लिहून बसगाड्या न थांबता जातात, पाणी उडवत. उतरायचं म्हणजे ही वेळ गेली. पुन्हा वेळ घ्यायची म्हणजे एप्रिल, मे. उन्हाळ्याच्या आत, म्हणाले होते. आणि बग्गी मिटायची म्हणजे जाळी रिकामी करायची, एका पायानं कडी दाबायची, त्याच वेळी दोन हातांनी वरून ओढायचं. म्हणजे श्रेयसला धरायला तिसरा हात. रेवा त्याला धरू शकत नाही, दोघंही पडतात. "घाई नाही, मिसेस," खालून व्हीलचेअरवाला म्हणाला, "मी बसलेलोच आहे." कुणीतरी हसलं. सुचित्राही हसली असती, दुसऱ्या एखाद्या वर्षी. "मॅम, आर वी गेटिंग ऑफ?" "थांब." "मॅम, एव्हरीवन्स लुकिंग." "थांब गं बाई."

म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे त्याला."

नको, हा शब्द तयार होता. पहिली मांडी आईची. हे कुठे ठरलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं, पण वर्षभर सुचित्रा तेच सांभाळत होती, एखादं नवं पातळ घडी न मोडता कपाटात ठेवावं तसं: त्याला पहिल्यांदा मांडीवर घेणारं घराबाहेरचं माणूस आई असेल. इस्लामपूरच्या घरात, पलंगावर, उशांना टेकून. तिनं ते दृश्य इतक्या वेळा मांडलं होतं की त्यातल्या चादरीची फुलंसुद्धा ठरलेली होती. ड्रायव्हर वाट बघत होता. हात पुढेच होते, शिरा वर आलेले, नखाखाली माती असलेले, बागेत काम करणाऱ्या बाईचे. आणि सुचित्रा चार वर्षांची होती, इस्लामपूरच्या स्टँडवर, मे महिना, सांगलीची गाडी नुकती लागलेली आणि दाराशी माणसांचा गठ्ठा. संकेत आईच्या कमरेवर. आईनं दाराकडे एकदा बघितलं, मग सुचित्राला काखेत हात घालून उचललं, ते हात ओले, नळावरून आलेले, आणि खिडकीतून आत सारलं, गजांमधून नव्हे, गज तुटलेल्या खिडकीतून, जी आईला बरोब्बर माहीत होती. "पोरीला धरा हो बाई, दोन जागा धरा!" आत कुणाचेतरी हात आले, घामट, बांगड्यांचे, आणि सुचित्रा एका अनोळखी पोटावर जाऊन आपटली. लोक जागेवर रुमाल टाकतात. आईनं तिला टाकलं. ती रडली नाही. रुमाल रडत नाही. नंतर खूप वर्षांनी, कॉलेजात असताना, तिनं रागानं विचारलं होतं: गाडी सुटली असती म्हणजे? आई भाकरी थापत होती. "सुटली असती तर फुडच्या स्टँडावर उतरवलं असतं की कुणीतरी. मानसं असत्यात न्हवं आत."

माणसं असतात आत.

तिनं पट्टा सोडला आणि श्रेयसला म्हातारीकडे दिलं.

आता बग्गीचं. बाटल्या रेवाकडे. फाइल दातांत, म्हणजे मास्कवरून दातांत, ते जमेना, मग काखेत. बेदाण्यांचा डबा उघडून सगळ्या बसभर. कडी दाबली, ओढलं, मिटेना, पुन्हा दाबली. घाम. चष्म्यावर वाफ. या सगळ्यात तिचे कान मागे होते, रडण्याकडे. तो रडेल. रडायलाच हवं त्यानं. अकरा महिन्यांचा आहे, परकं माणूस कळण्याचं वय आहे, पुस्तकात तसं आहे. तो रडला की ती म्हणणार होती, सॉरी, हा कुणाकडे जात नाही. बग्गी एकदम मिटली, तिच्या घोट्यावर. व्हीलचेअर आत आली, माणूस "ग्रँड, ग्रँड" म्हणत जागेवर वळला, दार बंद झालं, बस हलली. तो रडला नव्हता. म्हातारीच्या मांडीवर, कोटाच्या मोठ्या बटणाला धरून, तो जुन्या ओळखीचा असल्यासारखा बसला होता. उघडा पाय तिच्या मुठीत. सुचित्राला जे वाटलं, त्याला ती राग म्हणाली, कारण रागाला जागा कमी लागते.

"माझी नातवंडं कॉर्कला आहेत," म्हातारी श्रेयसला सांगत होती, सुचित्राला नव्हे. "धाकटी तर मला टॅब्लेटवरच बघते. मी हलले नाही तर बोटानं पुढे सरकवते मला." ती हसली, मास्क नाकावरून आणखी घसरला. मग हसू संपलं आणि हात तेवढा पायाभोवती राहिला. "किती जड आहे गं हा," ती म्हणाली. "वजनच विसरले होते मी." सुचित्रा खांबाला धरून उभी होती. घे परत, असं मनात कुणीतरी म्हणत होतं. खाली बस आणि घे. बसायला जागा होती. ती घेत नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या अंगावर कुणी नव्हतं, दंड हलके झाले होते आणि हवेत आपोआप वर येत होते, पाण्यात येतात तसे. याची लाज वाटली. लाज आणि दंड, दोन्ही वर आले.

स्टोनीबॅटरला म्हातारी उतरली. उतरण्याआधी श्रेयसला सुचित्राच्या कमरेवर ठेवलं, रेवाचे गाल दोन्ही तळव्यांत धरले (रेवाचे खांदे कानांपर्यंत वर गेले) आणि "आईला मदत कर हं, बाळा" म्हणून, दारातून सगळ्या बसला ऐकू जाईल असं "थँक्यू, ड्रायव्हर!" ओरडून फुटपाथवर उभी राहिली, कुठे जायचं ते आठवत असल्यासारखी. नाव विचारायचं राहिलं. नदीकाठानं बस पुढे गेली. श्रेयसच्या तळपायाला आता फक्त तळपायाचा रंग होता.

वकिलातीत फार काही घडलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी नवा फोटो बघितला, श्रेयसकडे बघितलं, जुन्या फोटोकडे बघून मास्कातल्या मास्कात हसल्या. "तीट?" "हो." "माझ्या भाच्याचं पण असंच झालं होतं. आता कुठे काही खूण?" "नाही," सुचित्रा म्हणाली. "काही नाही." शिक्का. काही आठवड्यांत येईल. ती बाहेर आली आणि ज्या गोष्टीसाठी चार महिने धडपडली ती संपल्याचं तिला पायऱ्यांवर कळलं. "मॅम, आय'म बर्स्टिंग." कालव्याच्या काठी, झाडामागे, बग्गीचं चाक पायानं अडवून तिनं रेवाला धरलं. दोन हंस बघत होते. "डोन्ट लुक!" रेवा त्यांना म्हणाली, आणि मग, पँट वर घेताना, "आई, पाणी." मराठीत. दमली की ती मराठीत येते. सुचित्रानं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "सगळं पी."

बाकावर बसून तिनं इस्लामपूरला फोन लावला. नुसता आवाजाचा, चेहरा दाखवायची ताकद नव्हती, बहुतेक दोघींतही. तिकडे संध्याकाळ, भांड्यांचे आवाज. उन्हाळ्याच्या आत. काही आठवडे. ही दोन मापं एकमेकांशेजारी ठेवून बघायची नाहीत असं तिनं ठरवलं होतं.

"झालं?" आईचा श्वास शब्दाच्या आधी येत होता.

"झालं. फोटो चालला."

"तीट लावलीस न्हवं?"

"तळपायाला लावली." इथेच थांबता आलं असतं, ते खोटंही नव्हतं. कालव्यावर वारा होता. "पुसली गेली, आई. बसमध्ये एका म्हातारीनं पुसली. तिला वाटलं घाण आहे. थुंकी लावून पुसली."

सुचित्रा ओरडा खायला तयार झाली. तिला तो हवाही होता.

"घेतलं व्हतं का तिनं त्याला?"

"मीच दिलं. बाबागाडी मिटायची होती, हात नव्हते मला. त्याला पहिल्यांदा तू घ्यायचं, असं मी..." श्रेयसनं पुन्हा मोजा काढला होता.

"रडलं?"

"नाही."

"न्हाई रडलं," आई म्हणाली, खोलीतल्या कुणालातरी, किंवा छताला. "हात कसं हुतं गं तिचं?"

"कसे म्हणजे?"

"गरम का गार?"

तिला माहीत नव्हतं. तिनं ते हात फक्त बघितले होते. फोन कानापासून बाजूला घेऊन तिनं विचारलं, "रेवा, त्या आजीचे हात कसे होते? तुझ्या गालाला लावले ना तिनं?"

"फ्रीझिंग," रेवा म्हणाली, बाटलीतून तोंड न काढता. "लाइक फ्रोझन पीज."

गरम होते, असं सांगायला काही खर्च नव्हता. सुचित्रा पुरती दमली होती आणि खोट्याला नंतर जपावं लागतं.

"गार होते, आई. अगदी गार."

"बरं झालं बघ," आई म्हणाली. "माझंबी गारच असत्यात आता. दचकायचं न्हाई ते."